लिनक्स टाकताना हार्ड डिस्क दिसत नाही. दाखवली तर महिन्याने परत हरवते

अमळनेर तालुक्यात, पारोळा रस्त्यावरच्या एका गावात माझ्या मामांचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं, आणि काउंटरच्या कोपऱ्यात एक डेस्कटॉप. कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, सेकंडहँड घेतलेला, ब्रँडेड डबा. कोअर टू ड्युओ, ४ जीबी रॅम, ३२० जीबीची साटा (बारीक केबलने जोडायची) डिस्क. त्यावर विंडोज ७ होतं. विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० मध्येच संपले, त्यात कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला, तेव्हा मी धुळ्याहून विंडोजच्या जागी टाकायला लिनक्स मिंटचा पेन ड्राइव्ह घेऊन गेलो. तासाभराचं काम आहे असं मामींना सांगितलं होतं.

मिंट पेन ड्राइव्हवरून झकास चालू झालं. इन्स्टॉल दाबलं, आणि डिस्क निवडायच्या पानावर एकच नाव: १४.५ जीबी. म्हणजे माझाच १६ जीबीचा पेन ड्राइव्ह. (इथे घाईत पुढे जाऊ नका. डिस्क ओळखायची ती आकारावरून, लिनक्स देतं त्या 'एसडीए', 'एसडीबी' या नावांवरून नाही. ३२० जीबीची डिस्क साधारण २९८ अशी दिसते, कारण कंपनी हजाराने मोजते आणि टर्मिनल १०२४ ने.)

बायोसमध्ये (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) गेलो तर मदरबोर्डवरच्या ज्या पोर्टला डिस्कची केबल होती तो पोर्टच बंद. या जातीच्या काही ब्रँडेड मशीनमध्ये प्रत्येक साटा पोर्टला वेगळं ऑन-ऑफ असतं, आणि फॅक्टरी सेटिंगमध्ये सगळे पोर्ट चालू असतातच असं नाही. पोर्ट ऑन केला, सेव्ह केलं, डिस्क दिसली, मिंट टाकलं. मामींचा चहा पिऊन मी परत.

पंचवीस-तीस दिवसांनी मामांचा फोन: "अरे भाऊ, तुना लिनक्स परत बंद पडना." गेलो. पोर्ट बंद. दुकानात मदतीला एक बारावीचा मुलगा असतो, त्याला मी थोडं बोललोही, की सेटिंगमध्ये हात घालत जाऊ नकोस. "दादा, मी काहीच कयं नही," तो म्हणाला. मला ते खरं वाटलं नाही. पुढच्या महिन्यात तिसऱ्यांदा तेच. आता मामींनी शोध लावला होता: हे अमावस्येच्या दुसऱ्या दिवशीच होतं. कीबोर्डच्या शेजारी लिंबू-मिरची टांगलेली होती.

मामी बरोबर होत्या. ते कसं, ते पुढे सांगतो. आधी पद्धत, कारण 'डिस्क दिसत नाही' या एका वाक्यात किमान तीन वेगळे आजार लपलेले असतात आणि लोक तिन्हींना एकच औषध देतात, ते म्हणजे परत फॉरमॅट.

कुणाला दिसत नाही?

हा प्रश्न आधी. डिस्क तिघांना दिसावी लागते. आधी बायोसला, मग लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, मग इन्स्टॉलरला. ज्याच्यापाशी साखळी तुटली, दुरुस्ती तिथेच.

बायोसचं सोपं आहे. मशीन चालू होताना एफ-टू किंवा डिलीट दाबून आत जा (ब्रँडप्रमाणे बटण बदलतं) आणि डिस्कचं मॉडेल आणि आकार दाखवतोय का बघा. नुसतं 'साटा पोर्ट १' लिहिलेलं असणं म्हणजे डिस्क दिसणं नव्हे. मॉडेल नंबर दिसला पाहिजे.

कर्नलचं पाहायला इन्स्टॉलर बंद करून लाइव्ह (पेन ड्राइव्हवरून चाललेल्या) डेस्कटॉपवरच टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा आणि 'एलएसबीएलके' (lsblk) टाइप करा, अर्थात इंग्रजी लहान अक्षरांत. जोडलेल्या सगळ्या डिस्क आणि त्यांचे आकार येतात. हे एका सेकंदाचं काम आहे आणि दहापैकी नऊ जण ते करत नाहीत. इन्स्टॉलर दोनदा रिस्टार्ट करतात, दुसरा डिस्ट्रो (लिनक्सचा दुसरा प्रकार) डाउनलोड करायला लावतात, मोबाईलचा दीड जीबीचा डेटा संपवून बसतात. डिस्ट्रो बदलून काही होत नाही असं नाही, पण ते सगळ्यात शेवटी.

बायोसलाच दिसत नसेल तर लिनक्सचा काही दोष नाही. स्क्रू ड्रायव्हर घ्या. बायोसला दिसते पण 'एलएसबीएलके'त नाही, तर कंट्रोलरचा (बोर्डावरच्या, डिस्क सांभाळणाऱ्या चिपचा) मोड, केबल किंवा डिस्क. 'एलएसबीएलके'त आहे पण इन्स्टॉलरमध्ये नाही, तर डिस्कवर जुनं काहीतरी लिहिलेलं राहिलंय.

अमावस्या

मामांकडची केस पहिल्या प्रकारातली. पोर्ट बंद म्हणून बायोसला डिस्क दिसत नव्हती. खरा प्रश्न होता तो पोर्ट दर महिन्याला बंद कोण करतंय.

बायोसची सेटिंग मदरबोर्डवरच्या एका छोट्या मेमरीत राहते. तिला लागते अगदी किरकोळ वीज, आणि ती येते बोर्डावरच्या गोल सेलमधून: सीआर २०३२, ३ व्होल्टचा. मात्र मशीनची वायर भिंतीत लावलेली आणि भिंतीवरच्या बोर्डाचं बटण चालू असेल, तर कॉम्प्युटर बंद असतानाही एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) ५ व्होल्टची स्टँडबाय लाईन चालू असते आणि ही मेमरी तिच्यावर जगते. त्यामुळे सेल मेलेला असला तरी बटण चालू असेपर्यंत कळत नाही. बटण बंद केलं, लाईट गेली, की मग सेलची परीक्षा.

मामा रोज रात्री मेन स्विच बंद करून शटर ओढतात. औषधांचं दुकान, शॉर्ट सर्किटची भीती. रात्रीच्या दहा-बारा तासांत तो अर्धमेला सेल कसाबसा तग धरत होता. पण अमावस्येला दुकान बंद असतं. बैलांना सुट्टी, शेतीचं काम नाही, गिऱ्हाईक नाही. म्हणजे आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सलग छत्तीस तास वीज नाही. तेवढं सेलला झेपायचं नाही. मेमरी कोरी, बायोस फॅक्टरी सेटिंगवर, आणि फॅक्टरी सेटिंगमध्ये आमचा पोर्ट ऑफ.

हे मला पहिल्याच भेटीत कळायला हवं होतं. दोन गोष्टींनी फसवलं. एक, घड्याळ. सेल गेला की तारीख मागे जाते, ही ओळखीची खूण. पण मी पोर्ट चालू करून मशीन मोबाईलच्या हॉटस्पॉटला जोडत होतो आणि लिनक्स नेटवरून वेळ आपोआप बरोबर करून घेत होतं. खूण माझ्या डोळ्यांदेखत पुसली जात होती. नेट नसतं तर बिलावर चुकीचं साल आलं असतं, किंवा ब्राउझरने कुठलीही साइट उघडताना सर्टिफिकेटचा इशारा दिला असता.

दुसरी, तो मुलगा. तिसऱ्या वेळी त्याला शांतपणे विचारलं, सकाळी चालू केलं तेव्हा सगळ्यात आधी पडद्यावर काय आलं? तो म्हणाला, काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी येतात, एफ-वन दाबा म्हणून, मी दाबतो. मग दुसरं येतं, बूट डिव्हाइस नाही म्हणून. पहिल्या दोन ओळी सीमॉस चेकसमच्या, म्हणजे सेटिंगची ती मेमरी बिघडल्याच्या, होत्या. बायोस ओरडून सांगत होता की माझी सेटिंग गेली. फोनवर मला फक्त दुसरी ओळ कळत होती. तेव्हापासून माझा नियम आहे: फोनवर कुणी 'डिस्क गेली' म्हणालं, तर बंद करून चालू करायला लावायचं आणि अगदी पहिल्या काळ्या पडद्याचा फोटो मागायचा. त्या मुलाची माफी मागितली. त्याला फार काही वाटलेलं दिसलं नाही, पण मागितली.

सेल काढून मल्टिमीटरवर धरला: २.४ व्होल्ट. नवा सेल ३ च्या थोडा वरच दाखवतो, २.७ च्या खाली असेल तर मी विचार न करता बदलतो. घड्याळवाल्याकडे, मोबाईलच्या दुकानात, कुठेही मिळतो, पन्नास रुपयांच्या आत. बदलताना भिंतीतली वायर काढा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातला स्टॅटिक करंट जाऊ द्या, सेलच्या बाजूची बारीक पट्टी नखाने दाबा, सेल उडी मारून वर येतो. '+' खूण वरच्या बाजूला. मग बायोसमध्ये तारीख, पोर्ट, साटाचा मोड, बूटचा क्रम हे सगळं परत भरा आणि मोबाईलने फोटो काढून ठेवा. हा फोटो फार उपयोगी पडतो.

आता, डिस्क पहिल्या पोर्टलाच का नव्हती? कारण पहिल्या पोर्टची आतली प्लास्टिकची जीभ तुटलेली होती. आधी कुणीतरी केबल तिरकी ओढली असणार. साटाचं कनेक्टर सरळच ओढायचं असतं, आणि केबलला लोखंडी क्लिप असेल तर ती दाबून. तुटकी जीभ बऱ्याचदा केबलच्या तोंडातच अडकून राहते, आणि ती केबल मग कुठल्याच पोर्टात नीट बसत नाही. टॉर्च मारून बघा.

बायोसलाच दिसत नसेल तर

आधी हात ठेवा. खरंच. कॅबिनेट उघडा, मशीन चालू करा, डिस्कच्या पाठीवर अलगद तळवा ठेवा. फिरत असेल तर बारीक थरथर लागते. काहीच लागलं नाही, तर डेटा केबल बदलून वेळ घालवू नका, वीज पोचत नाहीये. एसएमपीएसचा दुसरा कनेक्टर लावून बघा. जुन्या एसएमपीएसला साटाचे कनेक्टर कमी असतात, म्हणून लोक चार पिनी मोठ्या कनेक्टरवरून कन्व्हर्टर लावतात. त्याच्या आतल्या पिना सैल होतात आणि काही स्वस्त कन्व्हर्टर तर वितळलेले मी पाहिलेत. मल्टिमीटर असेल तर पिवळी आणि काळी वायर: १२ व्होल्ट, पाच टक्के इकडे-तिकडे, म्हणजे ११.४ ते १२.६. लाल आणि काळी: ४.७५ ते ५.२५. डिस्कची मोटर १२ वर फिरते, तिची सर्किट ५ वर चालते. १२ व्होल्टची लाईन ११ वर बसली असेल, तर डिस्क कधी उठते, कधी नाही.

आपल्याकडे हे उन्हाळ्यात जास्त होतं, असा माझा अनुभव. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या वर जातो, दुकानाला वरून पत्रा, आणि एसएमपीएसच्या पंख्यात वर्षभराची धूळ. मामांच्या गावाजवळ जिनिंग आहे. सीझनला कापसाची बारीक तंतुधूळ हवेत असते आणि ती पंख्याच्या पात्यांवर गोधडीसारखी थर धरून बसते. आतले कपॅसिटर तापून डोक्यावर फुगतात. फुगलेला कपॅसिटर दिसला की एसएमपीएस बदला. तो उघडून दुरुस्त करायच्या भानगडीत घरी पडू नका, वायर काढल्यावरही आत झटका देण्याइतका करंट साठलेला असतो.

डिस्क फिरते, पण टक... टक... टक... असा ठरावीक लयीत आवाज येतो आणि बायोस अडकून राहतो? ती डिस्क आतून गेली. त्यात कुणाचे लग्नाचे फोटो असतील, तर पुन्हापुन्हा चालू करून बघू नका; प्रत्येक वेळी आणखी घासलं जातं.

फिरते, आवाज नाही, तरी बायोसला नाही, तर डेटा केबल. दुसरी लावा, दुसऱ्या पोर्टला लावा. उंदराने कुरतडलेली केबल वरून ठीक दिसते, वाकवून बघा.

मशीन त्याहून जुनं, आयडीईची रुंद पट्टी केबल असलेलं असेल, तर जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, बघा. डिस्कच्या मागच्या बाजूला पिनांच्या जोड्या असतात आणि वर स्टिकरवर नकाशा: मास्टर, स्लेव्ह, केबल सिलेक्ट. एकाच केबलवर डिस्क आणि डीव्हीडी दोन्ही मास्टर ठेवलेत, तर दोन्ही गायब होऊ शकतात. ८० तारांच्या केबलमध्ये निळं टोक मदरबोर्डाला, काळं म्हणजे शेवटचं टोक मास्टरला, मधलं राखाडी स्लेव्हला. वेस्टर्न डिजिटलच्या आयडीई डिस्कमध्ये आणखी एक खोच आहे: डिस्क केबलवर एकटीच असेल तर तिची 'सिंगल' सेटिंग वेगळी, आणि सोबत स्लेव्ह असेल तेव्हाची 'मास्टर' वेगळी. डीव्हीडी काढून ठेवला आणि डिस्क दिसायची बंद झाली, अशी तक्रार आली तर हे आठवा.

आणि एक खास २००४-०५ च्या काळातली केस, जी माझ्याकडे दोनदा आली. मदरबोर्डवर व्हीआयए कंपनीची व्हीटी८२३७ किंवा व्हीटी८२३७आर ही चिप. साटा पोर्ट आहेत, केबल नवी, वीज बरोबर, डिस्क दुसऱ्या मशीनवर पळते, पण इथे दिसत नाही. कारण ही चिप फक्त पहिल्या पिढीच्या साटाचा, १.५ गिगाबिटचा वेग जाणते, आणि ३ गिगाबिटची डिस्क समोर आली की दोघांची बोलणीच जुळत नाहीत. उपाय डिस्कवर आहे: बऱ्याच ३ गिगाबिट डिस्कवर वेग १.५ ला बांधायचा जंपर असतो. वेस्टर्न डिजिटलमध्ये ५ आणि ६ नंबरच्या पिना जोडायच्या. इतरांचा नकाशा स्टिकरवर असतो. जुन्या आयडीई डिस्कचा जंपर आकाराने मोठा असतो, इथे बारीक लागतो. एसएसडीला असा जंपर नसतो, म्हणून अशा बोर्डावर एसएसडी टाकायची असेल तर पीसीआय स्लॉटमध्ये वेगळं साटा कार्ड घ्यावं लागतं. तेवढा खर्च त्या मशीनवर करावा का, हा प्रश्न मी मालकावर सोडतो. माझं मत विचाराल तर नाही.

(असलं मशीन ३२ बिटचं असेल, तर डिस्क दिसली तरी नवी मिंट किंवा उबंटू चालणार नाही. डेबियनचा ३२ बिट पीसीसाठीचा इन्स्टॉलर १२ व्या आवृत्तीपर्यंतच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ मध्ये तो नाही.)

बायोसला दिसते, कर्नलला नाही

इथे 'डीमेसेज' (dmesg) ही कमांड. आधी सुडो (sudo) लावून चालवा आणि 'एटीए' शब्द असलेल्या ओळी शोधा. 'लिंक अप' आणि पुढे डिस्कचं मॉडेल आलं तर ठीक. 'लिंक डाऊन' दिसलं म्हणून लगेच घाबरू नका, रिकाम्या पोर्टलाही तेच येतं. चार पोर्टांपैकी ज्याला डिस्क आहे त्याचीच ओळ बघायची. 'कॉमरिसेट फेल्ड', 'फेल्ड टू आयडेंटिफाय' किंवा 'लिंक इज स्लो टू रिस्पॉन्ड' अशा ओळी एकामागून एक येत असतील, तर कर्नल दार ठोठावतोय आणि आतून उत्तर नाही. नव्वद रुपयांची केबल बदलून बघा, मग वीज, मग डिस्क. या क्रमाने, कारण या क्रमाने खर्च वाढतो.

त्या ओळीच नसतील, कंट्रोलरच दिसत नसेल, तर बायोसमधला साटाचा मोड. आयडीई (कुठे 'लेगसी' किंवा 'कंपॅटिबल' लिहितात), एएचसीआय (साटाची स्वतःची पद्धत) आणि रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायची पद्धत), असे पर्याय असतात. लिनक्ससाठी एएचसीआय असेल तर तेच ठेवा. रेड ठेवू नका. इंटेलच्या मशीनवर उबंटूचा इन्स्टॉलर आरएसटी (इंटेलची रेडची सोय) बंद करा असं सांगून थांबू शकतो. इंटेलच्या जी३१, जी४१ बोर्डांवर बहुधा एएचसीआय नसतंच, तिथे 'कंपॅटिबल' ऐवजी 'एनहान्स्ड' करा, कारण कंपॅटिबलमध्ये जुन्या आयडीईसाठी जागा करून देताना साटाचे काही पोर्ट झाकले जातात. डिस्क नेमकी झाकलेल्या पोर्टला असली की गायब.

शेजारी विंडोजही ठेवायचं असेल, तर मोड बदलण्याआधी थांबा. लिनक्सला हा बदल सहसा चालतो. जुनं विंडोज मात्र निळा पडदा दाखवून बसतं, आणि मग दोष लिनक्सवर येतो.

नेटवरचे जुने लेख वाचून 'एचडीए' नावाची डिस्क शोधू नका. आयडीई असो की साटा, आता सगळ्यांना 'एसडी'नेच सुरू होणारं नाव मिळतं. आयडीईचा तो जुना कोड तर कर्नल ५.१४ मध्ये, २०२१ साली, काढूनच टाकला.

कर्नलला दिसते, इन्स्टॉलरला नाही

हा प्रकार सगळ्यात जास्त डोकं खातो, कारण सगळं बरोबर असतं. धुळ्यात माझ्या शेजारच्या सरांनी ५०० जीबीची जुनी डिस्क घेतली, कुठल्याशा ऑफिसच्या मशीनमधून निघालेली. बायोसला दिसते, 'एलएसबीएलके'त दिसते, पार्टिशन पाडता येतं. पण इन्स्टॉलरच्या यादीत नाही. सरांनी ती विंडोजवर नेऊन तीनदा फॉरमॅट करून आणली. तरी नाही.

'एलएसबीएलके'ला पुढे हायफन एफ लावून चालवलं, तर फाइल सिस्टिमच्या रकान्यात 'आयएसडब्ल्यू रेड मेंबर' असं लिहिलेलं. म्हणजे ही डिस्क पूर्वी कधीतरी दोन डिस्कच्या इंटेल रेडचा भाग होती, आणि अजून तसंच समजते. जोडीदार डिस्क नाही, म्हणून इन्स्टॉलर तिला अपुऱ्या संचातली एक समजून बाजूला ठेवतो.

फॉरमॅटने का गेलं नाही? कारण पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कचे भाग कुठे पाडलेत त्याची यादी, असतं डिस्कच्या सुरुवातीला, आणि इंटेलच्या रेडची ही खूण असते अगदी शेवटच्या काही सेक्टरमध्ये. फॉरमॅट तिथपर्यंत पोचतच नाही. सातबाऱ्यावरून जुनं नाव कमी झालं नाही, आणि तुम्ही शेत कितीही वेळा नांगरलंत तरी ते नाव तिथेच.

काढायची कमांड 'वाइपएफएस' (wipefs), सुडो लावून. आधी नुसती डिस्कचं नाव देऊन चालवा. तेव्हा ती काहीही न पुसता फक्त कुठे कुठे काय खूण आहे याची यादी देते. मग हायफन ए लावून चालवलं की सगळ्या खुणा पुसल्या जातात. सगळ्या म्हणजे पार्टिशन टेबलसुद्धा, म्हणून डिस्कवर काही हवं असेल तर आधी दुसरीकडे घ्या, किंवा हायफन ए सोबत हायफन टी लावून फक्त त्या रेडच्या खुणेचं नाव (isw_raid_member) द्या. आणि एंटर दाबण्याआधी पुन्हा एकदा आकार बघा, की आपण ज्याला 'एसडीए' म्हणतोय ती ५०० जीबीचीच आहे ना. मशीन रिस्टार्ट केलं, इन्स्टॉलर उघडला, सरांची डिस्क यादीत आली.

२००२ च्या आसपासच्या किंवा त्याआधीच्या बोर्डांवर मोठी डिस्क १३७ जीबीचीच दिसते, ही वेगळी मर्यादा: त्या बायोसला २८ बिटांच्या पत्त्यापुढे मोजता येत नाही. लिनक्स एकदा सुरू झालं की बायोसला विचारत नाही, पूर्ण डिस्क वापरतं. फक्त सुरू होईपर्यंतच्या फाइल पहिल्या १३७ जीबीत असाव्या लागतात. सुरुवातीलाच १ जीबीचं वेगळं बूट पार्टिशन पाडा, झालं.

दिसली, पण विश्वास ठेवावा का?

सापडलेल्या जुन्या डिस्कवर लगेच इन्स्टॉल करू नका. मिंटमध्ये 'डिस्क्स' नावाचा प्रोग्रॅम आहे; त्यात डिस्क निवडून मेनूतून स्मार्टचा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदींचा, तक्ता उघडा. तीनच ओळी बघायच्या. ५ नंबरची, म्हणजे खराब म्हणून बदललेले सेक्टर. १९७ नंबरची, वाचताना अडलेले आणि निकाल लागायचे सेक्टर. १९९ नंबरची, केबलवरून डेटा येताना झालेल्या चुका. १९९ वाढत असेल आणि बाकी दोन शून्य असतील, तर डिस्क चांगली आहे, केबल वाईट. हा आकडा केबल बदलल्यावर कमी होत नाही, फक्त वाढायचा थांबतो. आधी लिहून ठेवा, आठ दिवसांनी परत बघा. १९७ शून्याच्या वर असेल, तर मी त्या डिस्कवर कुणाचीही उधारीची वही ठेवणार नाही. १२० किंवा २४० जीबीची साधी एसएसडी घ्या. कोअर टू ड्युओलासुद्धा तिने नवा जीव येतो.

मामांच्या डिस्कचे ५ आणि १९७ शून्य निघाले, १९९ वर एकतीस. केबलही बदलून टाकली. पुढे पोर्ट बदलला तरी मिंटचं काही बिघडत नाही, कारण ते पार्टिशनला पोर्टच्या नंबरवरून नाही, त्याच्या यूयूआयडीवरून, म्हणजे त्याच्या स्वतःच्या ओळख क्रमांकावरून, ओळखतं.

सेल बदलल्यावर खात्री करायची एकच रीत होती. मामांना म्हटलं, येत्या अमावस्येला रोजच्यासारखंच मेन बंद करून जा. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मुलाने फोटो पाठवला: मिंटचा हिरवा पडदा, खाली तारीख बरोबर, नेट न जोडता. सेल बदलल्याची तारीख मी कॅबिनेटच्या आतल्या पत्र्यावर मार्करने लिहून ठेवली आहे. लिंबू-मिरची अजून तिथेच आहे, फक्त कीबोर्डपासून थोडी दूर सरकवून घेतली, रस गळतो म्हणून.